हजेरीची काळजी करू नका

गेल्या आठवड्यात माझ्याकडे दोन जण एकच प्रश्न घेऊन आले. एक फोनवरून, थेट न्यू जर्सीहून. दुसरा पायी, मागच्या माडांमधल्या वाटेने, हातात चार बांगडे घेऊन. प्रश्न असा, की मूल खेळात चांगलं आहे, तर त्याला कुठल्या कॉलेजात घालावं?

फोन लेकीचा होता. नातू सतरा वर्षांचा, डावखुरा, आणि बेसबॉल खेळतो. आमच्या घराण्यात आजवर बेसबॉल कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्यामुळे नातेवाईकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे गोलंदाज तसा तिकडे पिचर. चेंडूला टप्पा नाही, सरळ अंगावर. आमचा नातू तो चेंडू ताशी ८४ मैल, म्हणजे १३५ किलोमीटर वेगाने टाकतो. आता पुढच्या वर्षी कॉलेज निवडायचंय आणि घरात दोन तट पडलेत.

पायी आला तो माझा जुना विद्यार्थी. त्याची मुलगी यंदा बारावी झाली. समुद्रात पोहण्याच्या शर्यतीत ती बक्षिसं आणते. मुंबईकडच्या एका कॉलेजने तिला खेळाडू म्हणून घ्यायची तयारी दाखवली आहे. बांगडे ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "सर, चेडवाक घेतत म्हणतत. फी माफ, रवाक जागा, सगळा. आणि म्हणाले, हजेरीची काळजी करू नका."

मी गप्प. तो पुढे म्हणाला, "ह्या वाक्य माका वळखीचा वाटला, सर."

मलाही वाटलं. त्याचीच गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यात माझा हात आहे.

१९९१ साली हा मुलगा दहावीत होता. मी मराठी आणि इतिहास शिकवायचो, आणि शाळेत दुसरं कोणी नाही म्हणून कबड्डीही बघायचो. (तेव्हा खेळाचा तास म्हणजे ज्या मास्तरचा तास रिकामा त्याच्या गळ्यात!) रापणीची दोरी ओढून तयार झालेले त्याचे दंड. चढाईला गेला की समोरचे सात जण आधी मागे सरकायचे. घाटावरच्या एका कॉलेजची माणसं त्याला बघायला आली. अकरावीपासून घेतो, वसतिगृह फुकट, जेवण फुकट. आई बिचारी बाजारात मासे विकायची, तिने मला विचारलं, "मास्तरांनू, पाठवू काय?" मी छाती फुगवून म्हटलं, पाठव. शिफारसपत्रही मीच लिहिलं, वळणदार अक्षरात. त्या माणसांना मी अभ्यासाचं विचारलं होतं, नाही असं नाही. ते हसून म्हणाले, "सर, हजेरीची काळजी करू नका." मला ते आश्वासन वाटलं.

पुढे काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. पहाटे सराव, दुपारी झोप, संध्याकाळी सराव. स्पर्धेच्या दिवसांत महिना महिना बाहेर. हजेरीपटावर मात्र रोज हजर. बारावी कशीबशी. पुढच्या वर्गात दोनदा नापास. मग गुडघा गेला. गुडघा गेल्यावर महिन्याभरात वसतिगृहाची खोली दुसऱ्या कोणाला तरी लागली. १९९६ साली तो परत आला. कॉलेजच्या काचेच्या कपाटात त्याने जिंकलेल्या ढाली असतील अजून. त्याच्या स्वतःच्या घरात त्या पाच वर्षांचा एकही कागद नाही.

तो उपाशी राहिला नाही, हे सांगितलं पाहिजे. आधी रापण, मग पर्यटक यायला लागल्यावर बोट. आज देवबागच्या संगमापर्यंत लोकांना फिरवतो, डॉल्फिन दाखवतो. पण बोटीच्या कर्जाचा कागद आला की तो माझ्याकडे वाचायला आणतो. पन्नाशीचा माणूस, कॉलेजात पाच वर्षं काढलेला! कागद वाचून दाखवताना मला दर वेळी माझं ते वळणदार अक्षर आठवतं.

तर मंडळी, आता वादाकडे वळतो.

आमच्या नातेवाईकांत एक पक्ष म्हणतो, खेळबिळ पुरे, कॉलेजचं नाव बघा. ठाण्याचे साडू या पक्षाचे पुढारी. दुसरा पक्ष म्हणतो, मुलात गुण आहे ना, मग संघ बघा, कॉलेज कुठलं का असेना. या पक्षाकडे एक हुकमाचं पान असतं: "सचिन कुठे कॉलेजात गेला होता?"

हे पान आधी उलटून बघू. सचिनला घडवणारे रमाकांत आचरेकर सर आपल्या मालवणचे. त्यांच्या सांगण्यावरून सचिन वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला, कारण तिथला संघ चांगला होता. म्हणजे खेळासाठी शाळा निवडणं ही गोष्ट आपल्याला काही नवीन नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, हे तर शाळकरी पोरंही सांगतील. पण त्या दिवशी मैदानावर समोरच्या शाळेची अकरा मुलं होती. ती दोन दिवस चेंडू आणायला धावत होती. त्यांच्याही आईबापांनी डबा भरून दिला होता. सचिन कुठे शिकला हे विचारणाऱ्याने त्या अकरांचं पुढे काय झालं हेही विचारावं. माझा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे, कारण तुमची-आमची मुलं बहुतेक करून त्या अकरांतली असतात.

आणि नुसतं नाव बघणारा पक्षही चुकतोच. एके काळी आपल्याकडे कॉलेज हीच खेळाची शिडी होती. विद्यापीठांची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ पासूनची. मडगावचे दिलीप सरदेसाई सतरा वर्षांचे असताना मुंबईला आले आणि १९५९-६० मध्ये याच स्पर्धेत ४३५ धावा काढून पुढे आले. सुनील गावसकर सेंट झेवियर्स कॉलेजातले, तेही विद्यापीठाकडून खेळलेले. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये गावसकरांच्या ७७४ आणि सरदेसाईंच्या ६४२ धावा! दोघांनाही कोणी असं म्हटल्याचं ऐकिवात नाही, की खेळतोस तर वर्गात कशाला येतोस.

पण या सगळ्यांहून मला जवळचं उदाहरण खाशाबा जाधवांचं. गोळेश्वरचा पोरगा, कराडच्या टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. सांगतात, की तिथल्या क्रीडाशिक्षकांनी त्याला किरकोळ म्हणून कुस्तीत उतरवायचं नाकारलं. तो सरळ प्राचार्यांकडे गेला आणि प्राचार्यांनी परवानगी दिली. १९४८ साली लंडनला सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, कुस्त्या लावल्या आणि ते पैसे फेडले. हे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर म्हणजे ज्यांचं नाव आपल्या वेंगुर्ल्याच्या कॉलेजला आहे तेच. तिथे शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे!

लोक ही गोष्ट प्राचार्यांच्या त्यागाची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरं दिसतं. तो मुलगा त्यांचा विद्यार्थी होता. पैलवान भाड्याने आणला आणि ढाल मिळाल्यावर सोडून दिला, असा तो व्यवहार नव्हता. त्याला जायला पैसे नाहीत ही कॉलेजची अडचण आहे, असं त्या माणसाने धरलं. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. त्यांच्यानंतर महाराष्ट्राला ऑलिंपिकचं दुसरं वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. २०२४ साली पॅरिसला, नेमबाजीत, कोल्हापूरच्याच स्वप्निल कुसाळेला.

आता आजची व्यवस्था बघा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, पंचवीसपर्यंत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. हे असावं, माझा विरोध नाही. मत्स्यव्यवसायाच्या किंवा शेतीच्या घरातल्या मुलाला तेवढाच आधार. पण याचा एक परिणाम झाला. खेळ म्हणजे गुणपत्रिकेवर चिकटवायचं तिकीट झालं. पालक विचारतात, किती मार्क मिळतील? कॉलेज विचारतं, किती ढाली मिळतील? दोघांचा सौदा जमतो. त्यात मुलगा काय शिकणार, हे कोणीच विचारत नाही, कारण ते कोणालाच विकत घ्यायचं नसतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर असा भेद ठेवू नये. कागदावर फार चांगलं वाटतं. प्रत्यक्षात भेद मिटतो तो असा, की खेळाडूला अभ्यासच नको!

कोणी म्हणेल, अमेरिकेत असं नसतं. छे! तिथे फक्त आकडे मोठे. लेकीने आणि नातवाने मला बसवून समजावलं, तेव्हा मी मास्तरच्या सवयीने पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तिथे कॉलेजांच्या खेळाचे तीन विभाग. बेसबॉलच्या पहिल्या विभागातच तीनशेच्या आसपास संघ. संघात चौतीस मुलं धरली तर दहा हजार झाली. व्यावसायिक संघ तीस, आणि ते वर्षातून एकदा वीस फेऱ्यांत खेळाडू निवडतात, म्हणजे साधारण सहाशे. त्यात शाळेतून थेट घेतलेलेही आले. आणि निवडलेल्यांतले बरेचसे खालच्या संघांतच वर्षं काढून घरी जातात. पहिल्या विभागात एका हंगामात छप्पन्न सामने, आठवड्याला वीस तासांपर्यंत सराव. एवढ्यात मुलगा शिकतो कधी?

त्यांचा एक नियम मात्र मला आवडला. मुलगा चार वर्षांच्या कॉलेजात गेला, की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत व्यावसायिक संघांना त्याची निवड करता येत नाही. नियम कोणत्याही हेतूने केलेला असो, तीन वर्षं तरी पोरगा कॉलेजात राहतो.

कॉलेजाशिवाय नुसता हात विकत घेतला तर काय होतं, तेही आपल्याच देशातल्या दोन मुलांवरून कळतं. २००८ मध्ये दूरदर्शनवरच्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू निवडले गेले. चेंडू वेगाने फेकतात म्हणून. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारबद्ध केलं. अमेरिकेत त्यावर सिनेमाही निघाला. दिनेशला २०१० मध्ये सोडून दिलं, तो मायदेशी परतला. रिंकू आणखी काही वर्षं खालच्या संघांत खेळला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. दोघांनी धाडस केलं, त्याचं कौतुकच आहे. पण संघाने हात मोजला, हात चालेनासा झाल्यावर हिशेब संपला. संघ तेवढंच करणार, तो त्याचा धंदा आहे. कॉलेजने तसं वागावं का, एवढाच माझा प्रश्न.

नातवापुढे तीन कॉलेजं आहेत. पहिलं दक्षिणेकडचं, मोठं, बेसबॉलला नावाजलेलं. दुसरं जावईबापूंच्या आवडीचं, नाव मोठं, पण तिथे त्याला संघात जागा नाही. तिसरं पेनसिल्व्हेनियातलं लहान कॉलेज, तिसऱ्या विभागातलं. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. नातवाला सागरी जीवशास्त्र शिकायचंय. (दहा वर्षांचा असताना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी त्याला पाण्याखालचं प्रवाळ दाखवलं होतं, तेव्हापासूनचं हे खूळ. दोष माझाच.) त्या विषयाची प्रयोगशाळा दुपारी असते आणि सरावही दुपारीच. मी त्याला म्हटलं, दोन्ही प्रशिक्षकांना एवढंच विचार, की दोन्ही एकाच वेळी आलं तर मी कुठे जायचं?

त्याने विचारलं. पहिल्या कॉलेजचा प्रशिक्षक सज्जन माणूस, त्याने खरं सांगितलं. आमची मुलं सहसा तो विषय घेत नाहीत, आमचे सल्लागार तुला सोपा विषय काढून देतील. तिसऱ्या कॉलेजचा म्हणाला, प्रयोगशाळेच्या दिवशी सरावाला उशिरा ये, दिवे असतात.

"आजोबा, पण पहिलं कॉलेज टीव्हीवर दिसतं," नातू म्हणाला. खरं आहे. सतरा वर्षांच्या मुलाला टीव्हीवर दिसावंसं वाटणारच, आणि ती इच्छा काही हलकी नव्हे. मी त्याला इतकंच म्हटलं, की सोपा विषय काढून देणं म्हणजे इंग्रजीतलं "हजेरीची काळजी करू नका". माझ्याकडे या वाक्याचा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. खेळ की शिक्षण हा प्रश्नच खोटा, आणि तो आम्हा मास्तरांनी आणि पालकांनी मिळून रचला. दहावीचं वर्ष आलं की बॅट माळ्यावर टाकायला आम्हीच सांगतो, आणि ज्याचा खेळ फारच चांगला त्याची पुस्तकं माळ्यावर टाकायलाही आम्हीच तयार. खरा प्रश्न कॉलेजला विचारायचा असतो. तुम्ही याला खेळाडू म्हणून घेताय, ठीक आहे. मग स्पर्धेमुळे बुडालेले तास कोण भरून काढणार? परीक्षा आणि स्पर्धा एका दिवशी आली तर परीक्षा पुन्हा घ्याल का? मागच्या पाच वर्षांत तुम्ही घेतलेल्या खेळाडूंपैकी पदवीपर्यंत किती पोचले, नावांसकट दाखवाल? दुखापत झाली तर खोली आणि फीमाफी वर्ष संपेपर्यंत राहील, असं लिहून द्याल? आणि ज्यांच्या भरवशावर पोर पाठवायचं ते प्रशिक्षक उद्या बदलून गेले, तर या कॉलेजात तिच्यासाठी काय उरतं?

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो माझ्या विद्यार्थ्यानेच घेतला. "सर, आमी गरीब. फुकट देतत त्येंका प्रश्न इचारूक जमता काय?" त्याला मी काय उत्तर देणार? ऐपत असलेल्याला निवड असते, बाकीच्यांना मिळेल ते. न्यू जर्सीच्या पोराला तीन कॉलेजं आणि तारकर्लीच्या पोरीला एक. तरीही मी म्हणतो, ते फुकट नाही. तिच्या नावावर ते कॉलेज ढाल मांडणार, फलक लावणार, पुढची मुलं आणणार. रोज पहाटे पाण्यात उतरून ती फी भरणारच आहे. मग पावती मागायला लाजायचं कशाला? ती मागायला शिकवणं माझं काम होतं. १९९१ साली मी ते केलं नाही.

मुलीलाही बोलावून विचारलं. तिला बी.कॉम. करायचंय. बापाच्या धंद्याचे हिशेब, कर्जाचे कागद, पर्यटन खात्याचे परवाने हे सगळं तिला स्वतः वाचायचंय. मालवणला स. का. पाटील महाविद्यालय घरापासून जवळ आहे आणि समुद्र तर दारातच. पण तिला तलावातला सराव हवा, राज्यापुढे जायचंय, त्यासाठी मुंबईकडे जावं लागेल असं तिचं म्हणणं. ते चूक नाही. पोहणं सोडून हिशेब शीक, असं मी तिला सांगणार नाही. हिशेब सोडून पोह, असंही नाही.

शेवटी असं ठरलंय. वरचे प्रश्न मी एका फुलस्केप कागदावर लिहून काढलेत, पुन्हा त्याच अक्षरात. पुढच्या सोमवारी बाप, मुलगी आणि मी, तिघे कुडाळहून गाडी पकडून त्या कॉलेजात जाणार आहोत. उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत. "हे असलं आजवर कोणी विचारलं नाही," असं म्हणतील याची तयारी ठेवली आहे. गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही, म्हणून बायको रागावली आहे. पण मागच्या वेळी पत्र लिहून मी घरी बसलो होतो. या वेळी जातो.